तां लिए: एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना

बॅलेच्या वर्गात सुरुवातीला जी पावलं शिकवतात, त्यांत तां लिए सगळ्यांत साधं दिसतं. उडी नाही, गिरकी नाही, पाय कमरेच्या वर जात नाही. एक पाय जमिनीवरून पुढे सरकतो, शरीर त्याच्यावर जातं, मागे राहिलेला पाय येऊन मिळतो. नवीन मुलांना तर ते चालण्यासारखंच वाटतं आणि दोन दिवसांत त्यांना कंटाळा येतो. मीही त्यांतलीच होते.

एकदा आमच्या टीचरनी मला पावलाच्या बरोबर मध्यावर थांबवलं. पुढचा पाय टेकलेला, दोन्ही गुडघे वाकलेले. "तशीच थांब. आत्ता तुझं वजन कुठे आहे?"

"दोन्ही पायांवर, टीचर."

"मग पुढचा पाय उचल."

मला तो अलगद उचलता आला. म्हणजे वजन सगळं मागेच होतं. पुढच्या पायावर मी फक्त पाऊल ठेवलं होतं, स्वतः तिथे पोचलेच नव्हते.

त्या दिवसापासून मला हे पाऊल दिसायला लागलं. तां लिए शिकायचं म्हणजे तो मधला प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं, शिकायचा, जिथे वजन दोन्ही पायांवर सारखं असतं आणि तरीही थांबलेलं नसतं. हा मधला टप्पा गाळूनही पाऊल पूर्ण झाल्यासारखं दिसतं. म्हणूनच तो इतक्या जणांचा गाळला जातो, आणि पुढे गिरकी किंवा उडी घेताना तोल का जातो ते कळत नाही.

नावात काय आहे

फ्रेंचमध्ये पहिला शब्द टी-ई-एम-पी-एस असा पाच अक्षरांनी लिहितात आणि उच्चार एकाच अक्षराचा होतो: तां. शेवटचे पी आणि एस मुके. अनुस्वार 'तांदूळ'मधल्यासारखा 'न्' म्हणायचा नाही, स्वर नाकातून सोडायचा. कोकणीतलं 'हांव' ज्यांच्या कानात आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. दुसरा शब्द लिए. त्यातला 'लि' चटकन संपवून 'ए'वर थांबायचं.

'तां' म्हणजे वेळ, आणि बॅलेच्या भाषेत हालचालीचा एक भाग. 'लिए' म्हणजे जोडलेलं, बांधलेलं. ते उच्चाराने अगदी सारख्याच असलेल्या 'लिए' (जोडणे) या क्रियापदाचं भूतकाळवाचक विशेषण आहे. लॅटिनमधल्या ज्या धातूपासून ते आलं, त्याच धातूपासून पाश्चात्त्य संगीतातला 'लेगातो' आला: दोन सुरांमध्ये फट न ठेवता वाजवणं. आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्याला मी मींडेचं उदाहरण देते. षड्जावरून गंधारावर उडी मारली तर दोन्ही सूर बरोबर लागतील, पण मींड झाली नाही. मींड असते मधल्या जागेत.

बॅलेच्या कोशांत एक गंमतीचा पेच आहे आणि तो मला फार आवडतो. तिथे 'पा' म्हणजे पाऊल, आणि 'तां' म्हणजे हालचालीचा असा भाग ज्यात वजनाची बदली होत नाही. मग जे पाऊल वजनाच्या बदलीसाठीच आहे, त्याच्या नावात 'तां' कसं? मी ते असं समजून घेते: प्लिए हा एक तुकडा, पाय सरकवणं हा एक तुकडा, पाय मिटवणं हा आणखी एक. सुटे केले तर त्यांतला कुठलाच तुकडा तुम्हाला कुठे नेत नाही. ते 'लिए' झाले, जोडले गेले, की वजन हलतं.

दिशांचे शब्दही लागतील. पुढे म्हणजे आं नाव्हां, मागे म्हणजे आं नार्येर, बाजूला म्हणजे द कोते. 'आं' आणि 'आव्हां' हे दोन सुटे शब्द. एकत्र म्हणताना मधला 'न्' जागा होतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो. आपण याला संधी म्हणू. फ्रेंच लोक याला लिएझों म्हणतात, आणि तो शब्दही त्याच 'जोडणे' या क्रियापदातून आलेला आहे.

हे सगळं फ्रेंचमध्येच का, याचं उत्तर थोडक्यात: चौदाव्या लुईने 1661 मध्ये पॅरिसला नृत्याची राजअकादमी स्थापन केली आणि त्याचे नृत्यगुरू पियेर बोशां यांच्या काळात पायांच्या पाच पोझिशन नक्की झाल्या. पुढे बॅले रशियात बहरला, तरी मारियुस पेतिपांसारखे फ्रेंच गुरू तिथे होते आणि शब्द तेच राहिले. रशियन बॅले-शिक्षिका अग्रिपिना व्हागानोव्हा (1879–1951) यांनी 1934 मध्ये आपली पद्धत पुस्तकात मांडली, ती रशियन भाषेत. पावलांची नावं मात्र फ्रेंचच ठेवली. म्हणून मुंबईतली मुलगी सेंट पीटर्सबर्गच्या वर्गात उभी राहिली तरी 'तां लिए आं नाव्हां' एवढं ऐकून तिला पाय हलवता येतो. खाली मी दिलेलं पाऊल याच रशियन पद्धतीचं आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा देणाऱ्यांना हातांच्या पोझिशनचे आकडे वेगळे वाटतील. त्याबद्दल पुढे सांगते.

बारपाशी आधी एवढं करा

सरळ मध्यभागी जाऊन सुरुवात करू नका. एका हाताने बार, म्हणजे आधाराची आडवी दांडी, धरा. घरी असाल तर जड टेबल किंवा ओट्याची कड चालेल, खुर्ची नको, ती सरकते. पाय पाचव्या पोझिशनमध्ये, म्हणजे बाहेर वळलेले आणि एकापुढे एक चिकटलेले, एकाची टाच दुसऱ्याच्या बोटांपाशी. मोठेपणी शिकायला लागलेल्यांनी तिसरी घेतली, म्हणजे टाच दुसऱ्या पायाच्या मध्यापाशी ठेवली, तरी काही बिघडत नाही. टाचा बाहेर-आत वळवून पाय उघडायचे नाहीत. उघडणं, म्हणजे पाय बाहेर वळवणं, खुब्यातून होतं. गुडघा आणि पायाची दुसरी-तिसरी बोटं एकाच दिशेला बघत असली पाहिजेत. जेवढं खुब्यातून उघडतं तेवढंच आज तुमचं.

आता पुढचा पाय तांद्यूत न्या, म्हणजे जमिनीवरून सरकवत टोकापर्यंत ताणा. तिथून बोटं, चवडा, टाच या क्रमाने पाय खाली उतरवा आणि दोन्ही गुडघे वाकवून चौथ्या पोझिशनच्या देमी-प्लिएत या. देमी-प्लिए म्हणजे अर्धं वाकणं, टाचा जमिनीवरच. चौथीत एक पाय दुसऱ्याच्या पुढे, दोन पायांत साधारण आपल्या एका पाऊलभर अंतर. इथे थांबा. पुढचा पाय उचलता येतो का बघा, मग मागचा. दोन्ही उचलायला सारखेच जड वाटले पाहिजेत. मग वजन पुढे नेऊन मागचा पाय तांद्यूत सोडा आणि त्याच रस्त्याने परत या. पुढे-मागे आठ वेळा, मग हेच बाजूला, दुसऱ्या पोझिशनमधून, म्हणजे पाय शेजारी शेजारी, मध्ये अंतर ठेवून.

भरतनाट्यम शिकलेल्या मुलींना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. अरमंडीची सवय असल्यामुळे त्यांचा प्लिए खोल आणि मजबूत असतो, खुबेही छान उघडतात. पण अरमंडी धरून ठेवायची असते. शरीर त्यात बसतं आणि पाय तिच्यातून काम करतात. देमी-प्लिए धरायचा नसतो. खाली पोचताक्षणी वर यायला सुरुवात झालेली असते. झोपाळा सगळ्यांत खाली येतो तिथे तो थांबत नाही, तसं.

वजन सारखं पडतं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून मी एक उपाय केला होता. शेजारणीचा आणि आमचा असे दोन वजनकाटे, जुने, फिरत्या सुईचे, हॉलमध्ये शेजारी शेजारी ठेवले. प्रत्येकावर एक पाय ठेवून मी दुसऱ्या पोझिशनमध्ये उभी राहिले आणि सावकाश, अगदी थोडं वाकले. माझं वजन तेव्हा 58 किलो. मला मी अगदी मध्यावर आहे असं वाटत होतं आणि सुया दाखवत होत्या 34 आणि 24. दोन्ही 29 वर आणल्या तेव्हा डावीकडे कलंडल्यासारखं वाटलं. ते कलंडल्यासारखं वाटणं म्हणजेच माझा खरा मध्य होता. आठवडाभर रोज पाच मिनिटं तिथे उभी राहिले, तेव्हा कुठे शरीराला तो पटला. तुम्ही करणार असाल तर काट्याखाली न सरकणारी चटई ठेवा, पाय अनवाणी ठेवा आणि काट्यावरून पूर्ण पाऊल करू नका, फक्त उभं राहणं आणि थोडं वाकणं.

पूर्ण पाऊल, आठ मोजांत

प्रेक्षक समोर आहेत असं धरा. उजवा पाय पुढे ठेवून पाचवी पोझिशन, शरीर आपल्या डाव्या हाताच्या पुढच्या कोपऱ्याकडे वळलेलं. पाय एकमेकांवर आल्यासारखे दिसतात म्हणून या दिशेला क्रुआझे म्हणतात. हात खाली, मांड्यांसमोर, कोपरं गोल. डोकं थोडं उजवीकडे, प्रेक्षकांकडे.

1. पाचवीत देमी-प्लिए. हात अजून खालीच.

2. डावा गुडघा वाकलेलाच ठेवून उजवा पाय कोपऱ्याच्या दिशेने सरकवत तांद्यूत न्या. हात एकदमच वर येतात, पोटाच्या वरच्या भागासमोर गोल धरलेले. ही हातांची पहिली पोझिशन. उजव्या बोटांवर वजन शून्य. सगळं वजन डाव्या पायावर.

3. आता बदली. शरीर पुढे निघतं आणि त्याच वेळी उजवा पाय चवडा, टाच करत उतरतो, गुडघा वाकतो. दोन्ही गुडघे वाकलेले, दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले असा चौथीचा प्लिए येतो आणि जातो. मग डावा पाय जमिनीला मागे रेटतो, उजवा गुडघा सरळ होत शरीराला वर उचलतो आणि डाव्याची टाच, चवडा, बोटं अशी सुटत तो मागे तांद्यूत उरतो. डावा हात डोक्यावर तिसऱ्या पोझिशनमध्ये, उजवा बाजूला दुसऱ्या पोझिशनमध्ये, डोकं उजवीकडे.

4. डावा पाय मागून सरकवत पाचवीत बंद करा, देमी-प्लिए. शरीर समोर वळतं, म्हणजे आं फास. डावा हात वरून उतरून पहिल्या पोझिशनमध्ये येतो, उजवा बाजूलाच राहतो.

5. उजवा पाय बाजूला, तांद्यूत. डावा गुडघा वाकलेलाच. डावा हात उघडून तोही बाजूला.

6. दुसऱ्या पोझिशनच्या प्लिएमधून वजन उजव्यावर. डावा पाय बाजूला ताणलेला उरतो. डोकं डावीकडे.

7. डावा पाय सरकवत पाचवीत पुढे बंद करा, देमी-प्लिए. हात हळूच खाली.

8. गुडघे सरळ करा आणि उजव्या पुढच्या कोपऱ्याकडे वळा.

आता डावा पाय पुढे आहे, म्हणून पुढचा फेरा आपोआप डाव्याने सुरू होतो. ही मांडणी किती विचारपूर्वक केली आहे ते बघा: पुढे, बाजूला आणि पाय बदलून परत, कुठेही वेगळी पूर्वतयारी न करता. संगीत तीन मात्रांचं संथ वॉल्ट्झ असेल तर प्रत्येक मोजाला एक आवर्तन द्या. घाईच्या संगीतावर हे शिकू नका.

तिसऱ्या मोजाजवळ थोडं थांबूया

या आठांत माझा अर्धा तास नेहमी तिसऱ्यावर जातो. बाजूने बघितलं तर डोक्याचा मार्ग कसा दिसला पाहिजे? पहिल्या मोजाला डोकं थोडं खाली जातं. दुसऱ्याला आणि तिसऱ्याच्या निम्म्यापर्यंत ते त्याच पातळीवर पुढे जातं. मग उतारावरून चढल्यासारखं वर येतं. मध्ये खड्डा नाही, टेकाड नाही.

मधला प्लिए गाळला की टेकाड येतं. कारण साधं आहे. पाय काठीसारखा ताठ ठेवून त्याच्यावरून शरीर नेलं तर काठी उभी होताना वरचं टोक उंचावणारच, आणि पलीकडे जाताना पडणारच. गुडघे वाकले की पायाची लांबी हवी तशी कमी-जास्त करता येते आणि गुरुत्वमध्य सपाट रेषेत जातो. प्लिएचा दुसरा उपयोग रेटण्याचा. वाकलेला मागचा पाय जमिनीला ढकलू शकतो; आधीच सरळ झालेल्या पायाकडे ढकलायला काही शिल्लक नसतं, मग माणूस खांदे पुढे टाकून स्वतःला ओढून नेतो.

ते तपासायला भिंतीवर, वाकल्यावर डोक्याचा वरचा भाग जिथे येतो त्या उंचीवर कागदी चिकटपट्टीची आडवी रेघ मारा आणि बाजूने मोबाइलवर चित्रण करा. आरसा इथे फारसा कामाचा नाही, कारण त्यात बघण्यासाठी मान वळवली की पाऊलच बदलतं.

कानही उपयोगी पडतो. कापडी बॅले शूज घालून शांत खोलीत पाऊल करा. तळव्याचा घासल्याचा सलग आवाज यायला हवा. मध्येच 'टप्' ऐकू आलं तर टाच आपटली, म्हणजे पाय उतरला नाही, पडला.

आणखी काय चुकतं

मागच्या पायाची टाच बदलीआधीच सुटते. याचं कारण बहुतेकदा पोटरी आखडलेली असते किंवा चौथी फार लांब घेतलेली असते. अंतर कमी करून बघा. आधी बहुतेकांना तेवढंच पुरतं.

पाचव्या मोजाला आधाराचा गुडघा नकळत सरळ होऊ लागतो. मग दुसऱ्या पोझिशनमध्ये परत वाकावं लागतं आणि एका प्रवाहाचे दोन तुकडे होतात. वाकलेल्या पायात मांडी जळल्यासारखी होईपर्यंत थांबणं कठीण जातं, म्हणून हे होतं. बारपाशी जास्त वेळ द्या.

बाजूला जाताना कंबर एका अंगाला लचकते. खुब्याची दोन्ही हाडं एका पातळीत राहिली पाहिजेत. तळव्याची कमान आत कोसळत असेल तर पाय त्याच्या ताकदीपेक्षा जास्त उघडला आहे. तो तसाच रेटला तर दुखणं गुडघ्यावर येतं. गुडघ्यात कळ आली तर त्या दिवशी थांबा.

हातांची चूक वेगळ्या जातीची. हात वजनाच्या आधी पोचतात. चौथीचा प्लिए यायच्या आत हात डोक्यावर गेलेला असतो आणि मग तिथे वाट बघत बसतो. हातांच्या चालण्याला पोर द ब्रा म्हणतात, हात वाहून नेणं; ते वजनाबरोबर निघाले आणि वजनाबरोबर पोचले पाहिजेत. सुरुवातीचे दोन आठवडे हात कमरेवर ठेवून पाऊल केलंत तर बरं.

आणि आकड्यांचा घोळ. व्हागानोव्हांच्या पद्धतीत डोक्यावरच्या हातांना तिसरी पोझिशन म्हणतात. रॉयल अकॅडमीच्या पद्धतीत त्याच जागेला पाचवी, आणि इटालियन बॅलेगुरू एन्रिको चेकेत्तींच्या परंपरेत पाचवी आं ओ, म्हणजे वरची पाचवी. व्हिडिओ बघून शिकताना कोणती शाळा आहे हे आधी बघून घ्या, नाहीतर तुम्ही बरोबर असूनही स्वतःला चूक समजाल.

शेजारची पावलं

शासे तां लिएच्या सगळ्यांत जवळचं. तिथे पाय सरकतो तेव्हाच वजनही त्याच्याबरोबर सरकतं, आधी टोक आणि मग वजन असे दोन टप्पे नसतात. तोंबे म्हणजे पडणं: वजन मुद्दाम सोडून वाकलेल्या पायावर घेतात. पिकेत सरळ पायावर टोचल्यासारखं चढतात. ग्लिसाद जमिनीलगत घसरत जातं, त्यात बारीकशी उडी असते. तां लिएचा मधला प्लिए घाईने केला तर ते बहुधा तोंबे होतं, म्हणून हा फरक पायांना माहीत असावा.

मागे जाताना

आं नार्येरमध्ये क्रम उलटा. मागच्या पायाने सुरुवात, मागे तांद्यू, चौथीतून वजन मागच्या पायावर, पुढचा पाय समोर ताणलेला उरतो. मग बाजूला जाऊन दुसरा पाय पाचवीत मागे बंद. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात जिथे जायचं ती जागा दिसत नाही, म्हणून शरीर आधी पाठ मागे टाकतं आणि वजन सावकाश, घाबरत येतं. पाठीऐवजी टाचेचा विचार करा. मागच्या पायाची बोटं टेकली आहेत. आता टाच जमिनीकडे उतरत जाते आणि जेवढी ती उतरते तेवढंच वजन मागे येऊ द्या, त्याहून पुढे नाही. छाती ज्या कोपऱ्याकडे होती त्याच कोपऱ्याकडे राहते.

घरी सरावाला दीड-दोन मीटर जागा पुरते. चकचकीत टाइल्सवर मोजे घालून करू नका. पावसाळ्यात फरशी ओलसर असते तेव्हा तर नकोच. रोज पुढचे चार फेरे आणि मागचे चार. मागचे आधी करा, कारण तोपर्यंत पाय थकलेले नसतात. प्रत्येक चौथ्या फेऱ्यात एकदा, कुठलाही इशारा न देता, मधल्या प्लिएत थांबा आणि पुढचा पाय उचलून बघा.